परत?!

आमची पहिली-दुसरी एकाच खोलीत बसते. एकवीस पोरं. शुक्रवारी शेवटच्या तासाला कोणी कोणाचं ऐकत नाही, त्यात मीही आलेच. म्हणून गेल्या शुक्रवारी पाढे गुंडाळले आणि पिशवीतून डेव्हिड शॅनन यांचं ‘डेव्हिड गोज टू स्कूल’ काढलं. १९९९ चं अमेरिकन चित्रपुस्तक. पोरांना इंग्रजी येत नाही, पण यात वाक्यंच मोजकी. ती मी मराठीत ओरडायची आणि चित्रं त्यांनी वाचायची, असं ठरलं.

डेव्हिड म्हणजे वाटोळ्या डोक्याचा, टोकदार दातांचा कार्टा. शॅनन यांनी लहानपणी स्वतःच्या खोड्यांचं एक पुस्तक केलं होतं. त्यात शब्द दोनच, ‘नो’ आणि ‘डेव्हिड’, कारण लिहिता तेवढेच यायचे! हे सांगितल्यावर दुसरीतल्या एकाने ताबडतोब वहीचं मागचं पान फाडलं.

“उशिरा आलास, डेव्हिड!” “जागेवर बस!” हशा. मग मधल्या सुट्टीतल्या जेवणाची मारामारी आणि बाईंचं वाक्य, “सुरुवात कोणी केली ते मला नको सांगू!” पोरं माझ्याकडे बघायला लागली. हेच वाक्य मी तासाभरापूर्वी खिचडीच्या रांगेत म्हटलं होतं, अगदी याच सुरात. पुढे डेव्हिडला एकीला जायचंय आणि बाई खेकसतात, “परत?!” इथे तर दोघं बाकाखाली लोळली.

पुस्तक मिटताना पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, “बाई, तो बोलतच नाही. त्याच्या बाईच बोलतात.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पान न् पान बाईंच्या आवाजाने भरलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने छडी काढून घेतली हे बरंच झालं, पण हा आवाज कुठल्या कायद्यात बसायचा? ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ मी दिवसातून किती वेळा म्हणते ते मोजायची माझी तरी हिंमत नाही.

एक गोष्ट मात्र मी निग्रहाने टाळली. “मग यातून आपण काय शिकलो?” हा प्रश्न जिभेवर आला होता, तो गिळला. आपल्याकडे गोष्ट संपायच्या आत तात्पर्य मागायची खोड आहे. परिपाठातल्या बोधकथेला पोरं जांभया का देतात? शेवटी कोणाच्या तरी नावावर बोट जाणार, हे त्यांना ठाऊक असतं म्हणून. डेव्हिडला हसताना कोणाचंच नाव निघालं नाही. ज्याने सकाळी शेजारणीची वेणी ओढली होती, तोच सगळ्यात मोठ्याने ओरडत होता, “अरे, शिक्षा होईल ना तुला!”

आज सोमवार. पहिल्याच तासाला एकाने करंगळी वर केली, “बाई, एकीला जाऊ?”

मी तोंड उघडायच्या आत वीस आवाज एका सुरात आले, “परत?!”