उर्दूपलीकडचा पाकिस्तान

तुमचा पाकिस्तानातल्या भाषेवरचा लेख वाचला. पाकिस्तानची भाषा म्हणजे उर्दू, असंच धरून तो लिहिलाय, ते खटकलं. २०२३ च्या जनगणनेत उर्दू मातृभाषा सांगणारे जेमतेम ९ टक्के. पंजाबी सुमारे ३७, पश्तो १८, सिंधी १४, सराईकी १२. सिंधीने आपली जागा झगडून मिळवली. १९७२ मध्ये सिंध विधानसभेने सिंधीच्या शिक्षण-वापरासाठीचं भाषा विधेयक मंजूर केलं तेव्हा उर्दूभाषकांच्या विरोधातून कराचीत दंगली पेटल्या, तरी सिंधी शाळांतून टिकली. पंजाबीचं मात्र फार वाईट वाटतं. सगळ्यात मोठी भाषा, आणि लाहोरची मुलं पिढ्यान्‌पिढ्या उर्दू-इंग्रजीतूनच शिकत आली. बलुचिस्तानातल्या ब्राहुई भाषेवर तर तुमच्या लेखात एक ओळही नाही. ती द्रविड कुळातली, म्हणजे आपल्या शेजारच्या कन्नड-तेलुगूची नातलग, आणि राहते कुठे! तिच्यावर स्वतंत्र लेख लिहाच.