सेवा, संगत आणि सोमवार

आमच्या फोंड्यातल्या क्लबाचं नाव मी सांगणार नाही. रोटरी समजा, लायन्स समजा. दंड दोन्हीकडे भरावाच लागतो. तो वसूल करणाऱ्याला लायन्सवाले टेल ट्विस्टर म्हणतात, रोटरीवाले सार्जंट-ॲट-आर्म्स. आमचे सभासद त्याला पाठीमागे काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही, आणि यंदा ते पद माझ्याकडे आहे.

या दोन्ही संस्था शिकागोत जन्मल्या. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ च्या फेब्रुवारीत तीन ओळखीच्यांना जमवलं आणि ही मंडळी आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसू लागली. मेल्विन जोन्स या विमावाल्याने १९१७ मध्ये लायन्स उभं केलं. दोघेही कर्तबगार, पण दोघांपैकी एकाचीही गोव्यात सोयरीक नसावी. नाहीतर क्लबाचं वर्ष १ जुलैला सुरू झालं नसतं.

१ जुलैला गोव्यात काय असतं? पाऊस आणि मासेमारीबंदी. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद. नवे अध्यक्ष (त्यांना आम्ही सगळे पात्रांव म्हणतो) गळ्यात ती जाडजूड कॉलर घालून शपथ घेतात, तेव्हा इसवणाचा (सुरमईचा) भाव नुसता विचारायलाही धीर लागतो. पदग्रहणाच्या जेवणात मग चिकन आणि तोंडी लावायला सुक्या मासळीची किसमूर. बंदी उठते न उठते तोच श्रावण. अर्धा क्लब महिनाभर शिवराक, म्हणजे मासे-मटण बंद. श्रावण संपला की चवथ, म्हणजे गणपती, आणि चवथीत गोव्याचा माणूस गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी, नेवऱ्या आणि पाहुणे सोडून कोणाचाही नसतो. पात्रांवांच्या बारा महिन्यांतले पहिले तीन असे जातात. तोवर त्यांनी ‘यंदाचे संकल्प’ म्हणून आर्टपेपरवर पुस्तिका छापून घेतलेली असते, तिच्यात त्यांचे स्वतःचेच फोटो सगळ्यांत जास्त.

आता सभेचा वार. सोमवारी ठेवली तर शिवराक, गुरुवारी ठेवली तर दत्ताचे आणि साईबाबांचे भक्त शिवराक, शनिवारी मारुती. शुक्रवारी व्यापारी सभासद म्हापशाच्या बाजाराला जातात आणि परत येतात ते थेट झोपायला. शेवटी जमला तो बुधवार. बुधवारच्या सभेला उपस्थिती अशी की खुर्च्या शेजारच्या हॉलमधून आणाव्या लागतात. एका सेक्रेटरीने हौसेने सभा सोमवारी नेऊन पाहिली. पनीर होतं. पाहुणे वक्ते ‘निरोगी हृदय’ या विषयावर बोलले आणि ऐकायला पात्रांव, सेक्रेटरी, वक्त्यांचा ड्रायव्हर आणि मी. मला यावंच लागतं, दंडाचा डबा माझ्याकडे असतो.

दंडाविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण क्लबाचा खरा कारभार तिथेच चालतो. कोटाला क्लबाची पिन लावली नाही, दंड. टीशर्टाला पिन लावली, तरी दंड. सभेत फोन वाजला, वर्तमानपत्रात फोटो आला, नवी गाडी घेतली, वाढदिवस झाला, बायकोचा वाढदिवस विसरला (याची तक्रार बायकोच लेखी पाठवते), मुलाला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला, मिळाला नाही. एका हार्डवेअरवाल्याला सलग दोन सभांत काहीच घडलं नाही म्हणून दंड झाला. पैसे देताना प्रत्येकजण हसतो, फक्त वकीलबाब हसत नाहीत. आधी नोटीस द्या, म्हणतात. मग माझं म्हणणं ऐकून घ्या. मग आदेशाची प्रत द्या. गेल्या दिवाळीच्या सुमाराचा दंड अजून त्यांच्या मते ‘न्यायप्रविष्ट’ आहे. डबा मात्र भरतो, आणि शाळेच्या पोरांच्या वह्या, रेनकोट, एखाद्याचं डायलिसिस यातले बरेच पैसे त्या चेष्टेतूनच उभे राहतात. नुसती वर्गणी मागितली असती तर याच लोकांनी महागाईवर भाषण दिलं असतं.

बायको म्हणते, “अहो, तुम्ही समाजसेवेला जाता की जेवायला?” तिला काय सांगणार. जेवण नसेल तर हे लोक येत नाहीत, आणि एकदा आले की घरी ग्लासभर पाणीही उठून न घेणारा माणूस इथे सतरंज्या उचलतो. हे काम आदर्शवादावर चालत असतं तर पाव्हणा वक्ता आणि मी अशा दोघांच्या सभा झाल्या असत्या.

नोव्हेंबरात सत्तरी तालुक्यातल्या एका गावी आमचं नेत्रतपासणी शिबिर होतं. डोळ्यांचं हे वेड लायन्सना हेलन केलरने लावलं. १९२५ मध्ये ओहायोतल्या त्यांच्या अधिवेशनात ती उभी राहिली आणि अंधांसाठी लढणारे सरदार व्हा म्हणाली. बाकीचे क्लबही तेव्हापासून डोळ्यांवर डोळा ठेवून आहेत. आम्ही उसगाव, वाळपई असे निघालो, पाच गाड्या, त्यांतल्या दोन बॅनरसाठी. सातेरीच्या देवळाचा मंडप ठरला होता. बॅनर बांधायला दीड तास लागला, कारण तो मंडपापेक्षा रुंद होता. शेवटी पात्रांवांचा अर्धा चेहरा खांबाला गुंडाळून ठेवला.

टेबलावर चष्म्यांचे खोके: एक, दीड, दोन, अडीच. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. पहिल्याच खुर्चीत एक आजी येऊन बसली. डॉक्टरांनी तक्त्याची ओळ दाखवली, तिने मान हलवली. हातात छापील कागद दिला, तो तिने घडी करून परत केला. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला अक्षरं वाचायला सांगण्यात काय अर्थ, हे डॉक्टरांना कळेपर्यंत तिने पदराच्या गाठीतून अबोलीची फुलं आणि केळीच्या सोपाचा दोरा काढला होता. दीडचा चष्मा लावून चार फुलं ओवली, काढून ठेवला. दोनचा लावला, पुढची सात ओवली, वळेसर डोळ्यांपुढे धरून दोऱ्याची गाठ बघितली आणि म्हणाली, “म्हाका हें बरें दिसता.” डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: अबोली, दोन. त्यानंतर रांगेतल्या बायकांनी तक्त्याकडे ढुंकून पाहिलं नाही, सगळी तपासणी फुलांवर. त्या आजीनेच जाता जाता नोंदणीच्या टेबलावरच्या वकीलबाबांकडे वाकून पाहिलं आणि शर्टाचं वरचं बटण धाग्यावर लटकतंय, पडेल, असं सांगितलं. मी जागच्या जागी दंड केला. वकीलबाब म्हणाले, शिबिर हे सभेच्या कार्यक्षेत्रात येत नाही.

मोतीबिंदूवाल्यांची वेगळी यादी झाली, त्यांना शस्त्रक्रियेसाठी न्यायचं ठरलं, गाडी कोणाची यावर तिथल्या तिथे भांडण झालं आणि तिघांनी आपापली गाडी देऊ केली. कोणाची घेतली नाही याचा राग एकाला अजून आहे.

दुपारी गावचे पंच आले. खुर्च्या मांडताना दिसले नव्हते, पण फोटोग्राफरने कॅमेरा काढला तेव्हा बरोबर पात्रांवांच्या उजव्या हाताला उभे. भाषणात त्यांनी आमच्या क्लबाचं नाव चुकीचं घेतलं आणि दुसऱ्या क्लबाचं बरोबर. मग टेबलाशी येऊन दोनचा चष्मा लावून पाहिला, अडीचचा लावून पाहिला, आरशात पाहिलं, आणि दोन्ही खिशात घालून निघून गेले. सेक्रेटरी माझ्याकडे बघू लागला. मी डबा उचलला, पण वकीलबाबांनी हात धरला: माणूस सभासद नाही, दंड करता येणार नाही. कायद्याने त्यांचं बरोबर होतं.

पुढच्या बुधवारी पंचांना सभासद करून घेतलं. सूचक मी, अनुमोदक वकीलबाब. पिन लावून, टाळ्या वाजवून, बांगड्याचं हुमण वाढायच्या आत दोन चष्म्यांचा दंड वसूल केला.