बेस नकोय, बोलणं ऐकू येऊ द्या!

टीव्ही पातळ झाले आणि त्यांच्या स्पीकरची तोंडं गेली खाली, नाहीतर भिंतीकडे. आईला बातम्या धड ऐकू येत नाहीत, म्हणून साधा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, बघायला गेलो, तर दुकानदाराचं एकच पालुपद: "सर, बेस ऐका!" अहो, तो धमधम करणारा बेस काय करायचाय? संवाद स्पष्ट यायला मधला, सेंटर चॅनेलचा स्पीकर हवा. २.१ साउंडबारमध्ये (डावा, उजवा आणि बेसचा वेगळा स्पीकर) तो नसतोच, ३.१ मध्ये असतो. हे कुणी आपणहून सांगेल तर शपथ! खोक्यावर वॅटचे आकडे मात्र हे एवढे मोठे. एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज वायरीने साउंडबारकडे नेणारी जोडणी, आहे का विचारलं, तर म्हणे, "ब्लूटूथ आहे ना!" ब्लूटूथवर अनेकदा ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. एआरसीच्या एका वायरीवर टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त करता येतो, एवढंही विकणाऱ्याला ठाऊक नसावं?