‘मोबाइल काढून घ्या, ऑटिझम जातो’: त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

दर थोड्या दिवसांनी तोच मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून येतो. त्यात म्हटलेलं असतं ते असं: ऑटिझम (स्वमग्नता) मोबाइलमुळे आणि आईच्या दुर्लक्षामुळे होतो, हा ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ आहे, पूर्वी तो नव्हता, लशींमुळेही होतो. मोबाइल बंद करा, चित्रं-खाणाखुणांचे लाड करू नका, मूल बोलायचा आळस करतं, जरा धाक दाखवा, गहू आणि दूध तोडा; तीन महिन्यांत मूल ‘नॉर्मल’ होतं. शेवटी ‘गरजू पालकांपर्यंत पोचवा’. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. पण ज्या आईच्या हातात नुकताच निदानाचा कागद पडलाय, तीही हे वाचत असते. मीही एका ऑटिस्टिक मुलाची आई आहे, म्हणून हे लिहितेय.

‘मोबाइल आणि आईचं दुर्लक्ष.’ बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ ऑटिस्टिक मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला तो १९४३ मध्ये. तेव्हा मोबाइल सोडाच, बहुतेक घरांत टीव्हीही नव्हता. दोष मात्र आईच्या माथी तेव्हाही मारला गेला. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल असं झालं, हे त्यानंतर कितीतरी वर्षं नामांकित तज्ज्ञ सांगत राहिले. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं ऑटिस्टिक निघाली. वेगवेगळ्या बीजांपासूनच्या १० जोड्यांत एकाही नाही. दुसऱ्या गटातल्या दोन्ही भावंडांनाही आई एकच होती, घर एकच होतं. अनुवंशाचा वाटा मोठा आहे, हे पुढच्या कितीतरी मोठ्या अभ्यासांनी पक्कं केलं.

स्क्रीन कमी करावाच. झोप सुधारते, घरात बोलणं वाढतं. नुसत्या स्क्रीनमुळे मागे पडलेलं एखादं मूल मग बोलूही लागतं, पण म्हणून त्याचा ऑटिझम बरा झाला असं होत नाही. मेसेजमधल्या ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ला, म्हणजे स्क्रीनमुळे होतो म्हणतात त्या ऑटिझमला, डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-५ मध्येही जागा नाही आणि आयसीडी-११ मध्येही नाही. माझा राग आहे तो यातल्या ‘आधी मोबाइल काढून बघा’ या सल्ल्यावर. वर्षाचं होऊनही मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, तर थांबून बघू नका, बालविकासतज्ज्ञांकडे जा.

‘पूर्वी नव्हता.’ होता. अशा मुलांना मतिमंद म्हणत, वेडसर म्हणत, नाहीतर संस्थेत ठेवून देत. १९८० नंतर निदानाच्या व्याख्या रुंदावत गेल्या आणि शोधणारेही वाढले. आकडे वाढण्यात याचा वाटा फार मोठा आहे.

‘लस.’ हा संशय पसरला तो १९९८ मध्ये, १२ मुलांवरच्या एका लेखामुळे. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी लेखक वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदणीतून काढून टाकण्यात आलं. डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या २०१९ च्या अभ्यासातही गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध आढळला नाही. लक्षणं नजरेत येतात ते वय आणि ही लस देण्याचं वय साधारण एकच, त्यामुळे आईवडिलांच्या मनात गाठ बसते.

‘धाक दाखवा.’ रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. हट्ट करणारं मूल मधूनच आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे आवाज-गर्दी असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो तेव्हा, तसं नसतं. सार्वजनिक स्वच्छतागृहात हात सुकवायचं यंत्र सुरू झालं की माझा मुलगा कान दाबून जमिनीवर बसतो. त्याला हवंय असं तिथे काहीच नसतं, तो आवाज थांबायला हवा असतो. अशा वेळी ओरडलं की आवाजात आणखी एक आवाज मिसळतो. मी बोलणं बंद करते, त्याला बाहेर नेते आणि शेजारी नुसती बसते. लोक बघतात, बघू देत. खरं काम आधीचं असतं: कानावर हेडफोन, शर्टाच्या मानेवरचं लेबल कापून टाकणं, भिंतीवर दिवसाची चित्रं लावणं, ‘आधी आंघोळ, मग झोपाळा’ असं दोन कार्डांवर दाखवणं. बेत बदलणार असेल तर चित्रही त्याच्यासमोर बदलायचं. शाळेतून आल्यावर काही वेळ कुणी काही विचारायचं नाही. एवढं पाळलं की प्रसंग संपत नाहीत, पण कमी होतात.

आणि जे मूल बोलत नाही, ते एकाएकी डोकं आपटायला लागलं तर आधी कान, दात आणि पोट तपासून घ्या. कित्येकदा ते दुखणं असतं आणि घरचे त्याला वागणूक समजून बसतात.

‘चित्रं दिली की मूल बोलायचा आळस करतं.’ उलट आहे. चित्रकार्डांमुळे बोलणं खुंटत नाही असंच अभ्यास सांगतात, काही मुलांत ते थोडं वाढतंही. मिक्सर चालू असताना माझ्या मुलाने पहिल्यांदा ‘बंद’चं कार्ड आणून माझ्या हातात दिलं. त्याआधी तो स्वतःचा हात चावायचा.

‘गहू-दूध तोडा, तीन महिन्यांत बरा.’ खरीच ॲलर्जी असेल तर डॉक्टर सांगतील ते तोडा. त्यापलीकडे या आहाराने ऑटिझम जातो याला भक्कम पुरावा नाही. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या ताटातून आणखी दोन काढले की पोषणाचे हाल होतात. ‘शरीरातले धातू काढतो’ म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा: २००५ मध्ये अमेरिकेत ‘कीलेशन’ नावाच्या याच उपचारात एक पाच वर्षांचा मुलगा दगावला.

राहिलं ‘गरजू पालकांपर्यंत पोचवा’. या घरांतली बरीच मुलं रात्री धड झोपत नाहीत आणि त्यांच्याबरोबर आईबापही जागे असतात. भावंडाच्या वाट्याला आई क्वचितच पूर्ण येते. पाठवायचंच असेल तर ‘रविवारी दोन तास मी येऊन बसते, तुम्ही झोपा’ एवढं लिहून पाठवा. येण्याआधी त्याला कुठला आवाज सहन होत नाही, हेही विचारून घ्या.