नाक्यापासून हॉस्पिटलपर्यंत

काल फॅमिली ग्रुपवर परत तेच. एका दादाने इस्रायलचा झेंडा टाकला, दुसऱ्याने पॅलेस्टाइनचा, मग दोन तास नुसती फटाकेबाजी, जशी काय वर्ल्ड कपची मॅच चाललीय, आणि शेवटी मला टॅग करून प्रश्न, तू कुठल्या बाजूची? तिथे गप्प बसले. इथे लिहिते. लांबलंय, वेळ असेल तरच वाचा.

आईला तीन वर्षं अलिबागहून परळला न्यायला लागायचं. पहाटेची एस्टी, मांडीवर फायलींची पिशवी, तिला मळमळायचं म्हणून खिडकीची सीट, आणि पनवेलला ट्राफिक लागलं की माझ्या पोटात गोळा, कारण नंबर गेला की परत पंधरा दिवस. औषधाचे पैसे मामाने, ट्रस्टने, कोणी ना कोणी उभे केले. पण दर खेपेचं जाण्यायेण्याचं काय, ते कोणी हिशेबातच धरत नाही.

म्हणून युवाल रॉथबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा अडकलेच त्यात. हा इस्रायलमधला एक सुतार. याचा भाऊ उदी 1993 मध्ये लष्कराची राखीव ड्युटी संपवून घरी निघालेला, लिफ्ट मागितली, गाडीला इस्रायली नंबरप्लेट, आतली माणसं दिसायला ज्यू, बसला. ते वेश बदललेले हमासचे, म्हणजे पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेचे, लोक होते. मारून टाकला त्याला. पुढे युवाल पॅरेंट्स सर्कलमध्ये गेला, म्हणजे दोन्हीकडच्या, घरातलं माणूस गमावलेल्या कुटुंबांची संघटना, 1995 पासूनची. तिथल्या एका पॅलेस्टिनी माणसाने त्याला विचारलं, माझ्या भावाला हैफाच्या हॉस्पिटलात न्यायचंय, नाक्यावरून, म्हणजे इस्रायली सैन्याच्या तपासणी नाक्यावरून, सोडशील का? आणि ज्याचा भाऊ लिफ्ट घेऊन मेला तो लिफ्ट द्यायला गेला. मग त्या भावाचा शेजारी, मग शेजाऱ्याची मुलगी, असं करत करत 2010 मध्ये रीतसर संस्था झाली, रोड टू रिकव्हरी.

काम अगदी साधं. वेस्ट बँकेतल्या, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातल्या, पोराला कॅन्सर झाला, बोन मॅरो बदलायचा झाला, तर बऱ्याचदा तिकडे सोय नसते, इस्रायली हॉस्पिटलात पाठवतात. बिल बहुतेक वेळा पॅलेस्टिनी प्रशासन भरतं. पण पॅलेस्टिनी नंबरप्लेटची गाडी नाक्याच्या आत येऊ शकत नाही, आणि टॅक्सी म्हणजे रोजंदारीवाल्याची कंबर मोडली. मग आदल्या दिवशी याद्या लागतात, कोण कुठल्या नाक्यावर, किती वाजता, लहान मुलाची सीट लागेल का. पहाटे कोणीतरी रिटायर्ड आजोबा गाडी घेऊन तारकुमियाच्या किंवा जलामेच्या नाक्यावर उभे. पुष्कळदा भाषासुद्धा कॉमन नसते, अरबीत शुक्रान, हिब्रूत तोदा, दोन्हीचा अर्थ थँक्यू, बास.

गाझाच्या एरेझ नाक्यावरून असे पेशंट नेणाऱ्यांत व्हिव्हियन सिल्व्हर होती, गाझाच्या हद्दीलगतच्या किबुत्झ बेएरीची (किबुत्झ म्हणजे सामूहिक वस्ती), वय 74. 2014 मध्ये विमेन वेज पीस ही शांततेसाठीची इस्रायली बायकांची संघटना सुरू करणाऱ्यांपैकी एक. 4 ऑक्टोबर 2023 ला या बायका पॅलेस्टिनी बायकांच्या विमेन ऑफ द सन संघटनेबरोबर जेरुसलेममध्ये आणि मृत समुद्राकाठी जमल्या होत्या. तिसऱ्या दिवशी, 7 ऑक्टोबरच्या हल्ल्यात, हमासने तिला घरात मारलं. पाच आठवड्यांनी तिची ओळख पटली, तोवर सगळ्यांना वाटत होतं ओलीस असेल. आणि मग ज्या गाझातली पोरं ती आणायची तिथली हॉस्पिटलं इस्रायलच्या बॉम्बहल्ल्यांत एकेक बंद पडत गेली, हजारो मुलं गेली. एरेझचा नाका बंद, गाझाच्या खेपा संपल्या. वेस्ट बँकेतल्या मात्र चालू राहिल्या.

आता दादा म्हणणार, बघ, असल्या भोळसटपणाचं काय झालं. तर दादा, तिला शेजारी कोण आहे हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, ती तिथे राहत होती.

उलट बाजूचा आक्षेप मला जास्त टोचतो. पॅलेस्टिनी लोक म्हणतात, लिफ्ट देऊन तुम्ही फक्त नाका गोजिरा करता, नाका तसाच. खरंय की! इस्रायलच्या परमिटशिवाय पेशंटला पाऊल टाकता येत नाही, कधी आईला सिक्युरिटीच्या नावाखाली नाकारतात मग आजी सोबत येते, केमो चाललेलं पोर इकडे आणि आई पलीकडे. म्हणून फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्ससारखे लोकही हवेत, 1988 पासून हे इस्रायली डॉक्टर अशा परमिटांसाठी भांडतायत. मला विचाराल तर हे भांडण नसेल तर लिफ्ट म्हणजे नुसता दानधर्म. तरीही ज्या पोराचं केमो उद्या आहे त्याने नाका हटेपर्यंत थांबायचं का, हे मला कोणी सांगत नाही.

आणि गोड स्टोऱ्यांपासून जरा सावध. 2021 च्या मे महिन्यात लोद या ज्यू-अरब मिश्र वस्तीच्या इस्रायली शहरात दंगल झाली, दगड लागून एक ज्यू माणूस गेला, त्याची किडनी जेरुसलेमच्या अरब बाईला बसवली, ती बातमी जगभर फिरली. त्याच दंगलीत एक अरब तरुण गोळीने मेला, त्या केसमधले ज्यू संशयित सुटले आणि केस बंद झाली. ती कोणी फॉरवर्ड केली नाही.

लोदमध्ये आईची मैत्रीण राहते, आमच्या इस्राएल आळीतली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून तिच्या घरच्यांना गावात शनिवार तेली म्हणायचे. अजून अस्सल अलिबागी मराठी बोलते. दंगलीनंतर फोन केला तेव्हा मी घाबरत घाबरत विचारलं, मावशी, आता अरबांशी बोलता का गो?

म्हणाली, "बाय, माझ्या बीपीच्या गोळ्या देणारा पोरगा अरबच हाय. चार दिवस दुकान बंद, माझ्या गोळ्या संपल्या. पाचव्या दिवशी बघायला गेले उघडलंय का."

उघडलं होतं?

"हो, उघडलं होतं. पण दोघंबी काय बोललो नाय. गोळ्या घेतल्या नि आले."