देऊळ परत द्यायचे, पण कोणाला?

सांकवाळच्या पडक्या इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, जागी पूर्वी देऊळ होते, या वादाची बातमी पुन्हा वर्तमानपत्रात आल्यामुळे आमच्या म्हापशाच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी दुसरा विषय निघणे शक्यच नव्हते. भाऊंनी बूड टेकण्यापूर्वीच जाहीर केले, की सांकवाळचे सांकवाळकर बघून घेतील, आपल्या दारातल्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, इगर्जीचे काय ते आधी बोला. भाऊंचे किराणा दुकान आहे. दुपारच्या सुस्त वेळी मोबाइलवर येणारा इतिहास ते इतक्या श्रद्धेने वाचतात, की दिवेलागणीपर्यंत तो त्यांना तोंडपाठ झालेला असतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की इगर्ज देवीच्या देवळावर उभी आहे, पाडलेल्या देवळांसाठी सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात २० कोटी ठेवले होते, तेव्हा मागायला लाजण्याचे कारण नाही, आणि ज्याला हे पटत नाही त्याचा डोळा पोर्तुगीज पासपोर्टावर आहे. शेवटचा टोला तारवट्याला, म्हणजे आमच्यातल्या जुन्या बोटीवाल्याला होता, कारण त्याचा मुलगा त्याच पासपोर्टावर इंग्लंडला गेला आहे. भाऊंचा सख्खा भाचाही त्याच वाटेने गेला, ही आठवण त्यांना दर वेळी दुसऱ्या कोणीतरी करून द्यावी लागते; त्या दिवशी ते काम मी केले.

मास्तर म्हणाले, की आधी इतिहास नीट लावून घेऊ. मास्तरांनी असे म्हटले की वकील घड्याळ बघतात, पण त्या दिवशी त्यांनीही ऐकून घेतले. म्हापशाचा बार्देश आणि मडगावची सासष्टी हे दोन्ही महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले. पुढे धर्मप्रसाराच्या वाटणीत सासष्टी जेझुइट आणि बार्देश फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या संघाकडे आली. सासष्टीत राशोलच्या कप्तानाने १५६७ मध्ये २८० देवळे उद्ध्वस्त केली आणि बार्देशातही त्याच सुमारास तोच प्रकार झाला. ज्यांना शक्य झाले त्यांनी आपले देव उचलून नदीपलीकडे, पोर्तुगीजांची सत्ता नव्हती तिथे नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि मडगावचा दामोदर जांबावलीला गेला, आणि दामोदराच्या मूळ जागेवर मडगावची मोठी इगर्ज उभी राहिली. म्हापशाची इगर्ज १५९४ ची, फ्रान्सिस्कनांनी बांधलेली. ती पुढे पुन्हा पुन्हा बांधावी लागली, १८३८ मध्ये तर आगीनेच खाल्ली, आणि आज दिसते ती त्यानंतरची.

"मग मी वेगळे काय सांगतो आहे?" भाऊ गरजले. "आणि मास्तर, तुम्हीच मला आठवीत इतिहासात नापास केले होते!"

तो निर्णय फेरतपासणीतही टिकला असता, असे मास्तर शांतपणे म्हणाले. या गुणपत्रिकेचा वाद इतकी वर्षे चालू आहे, की तोही आता पुरातत्त्व खात्याकडे सोपवावा, असे माझे मत आहे.

खरा मुद्दा वकिलांनी काढला. जमिनींचे आणि कोमुनिदादीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे, दावे लढवण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे मालकीहक्काची भाषा ऐकली की त्यांचे कान टवकारतात. ते म्हणाले, की मंगेश गेला, म्हाळसा गेली, दामोदर गेला, हे समजण्यासारखे आहे. पण लोककथेतली म्हापशाची देवी कुठे गेली? अख्खा बार्देश आणि डिचोली जी सात बहिणींची कथा सांगतो, तिच्यात शिरगावची लईराई आहे, मुळगावची केळबाई आहे, मयेची महामाया आहे, मोरजीची मोरजाई आहे; बाकीची नावे गावागावात बदलतात, पण म्हापशाची मिराबाई बहुतेक ठिकाणी असतेच, आणि ही मिराबाई म्हणजेच मिलाग्र सायबीण, हे सांगताना ना हिंदूची जीभ अडखळते ना ख्रिस्तावाची. "जो घर सोडून गेला, त्याच्या घराचा ताबा मागता येतो. इथे बाई घरातच आहे, भाऊ. तिचे फक्त आडनाव बदलले आहे."

"जबरदस्तीने बदलले," भाऊ म्हणाले, आणि हे त्यांनी बरोबर म्हटले.

वकिलांनीही ते नाकारले नाही. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न तिसवाडीच्या गावकऱ्यांकडून १५४१ मध्ये 'स्वखुशीने' इगर्जींकडे वळवून घेतले गेले, आणि अशा स्वखुशीची किंमत आपण रोज कोर्टात बघतो, असे ते म्हणाले. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, १५६० मध्ये आले आणि १८१२ पर्यंत राहिले. १७३६ च्या फर्मानाने तर ख्रिस्तावांनी दारात तुळस लावण्यालाही बंदी केली. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी १५८३ मध्ये पाच जेझुइटांना मारले, तेव्हा त्यांच्या म्होरक्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढले. यावर पांघरूण घालणारा माणूस मी नव्हे, असे सांगून वकील पुढे म्हणाले, "पण एक गोष्ट लक्षात घ्या. देऊळ पाडायला लावणारा बाहेरचा होता. नव्या वास्तूत पहिल्या दिवसापासून गुडघे टेकणारा मात्र आतलाच होता. तोच गावकार, तेच शेत, कोमुनिदादीत तीच खुर्ची. उद्या दावा लावलात तर वादी आणि प्रतिवादी एकाच वंशावळीतून निघतील, आणि वकील म्हणून मला दोघांकडूनही फी घेता येईल."

यावर तारवट्याने मेक्सिकोचा विषय काढला. त्याने उभा जन्म बोटीवर स्वयंपाकी म्हणून काढला आहे आणि जगातल्या प्रत्येक वादाचे उत्तर त्याला कुठल्या ना कुठल्या बंदरात सापडलेले असते. आम्ही एरवी ते हसण्यावारी नेतो, पण या वेळी त्याचे बंदर नेमके लागले. बोट वेराक्रुझला थांबलेली असताना तो ग्वादालुपेच्या सायबिणीला जाऊन आला होता. मेक्सिको शहराच्या कडेला तेपेयाकची टेकडी आहे. तिथे पूर्वी तोनांत्सिन या मातृदेवतेचे स्थान होते. स्पॅनिशांनी राज्य घेतल्यावर दहा वर्षांनी, १५३१ मध्ये, हुआन दिएगो नावाच्या तिथल्याच एका नवख्रिस्ताला त्या टेकडीवर मरियामाता दिसली आणि तिचे चित्र त्याच्या अंगावरच्या घोंगडीवर उमटले, अशी श्रद्धा आहे. आता गंमत अशी, की या भक्तीवर पहिला आक्षेप घेतला तो पाद्र्यांनीच. फ्रान्सिस्कनांच्या प्रमुखाने १५५६ मध्ये भर प्रवचनात सांगितले, की हे चित्र मार्कोस नावाच्या एका इंडियन चित्रकाराने रंगवलेले आहे. आणि सहागून नावाच्या विद्वान पाद्र्याने पुढे लिहून ठेवले, की हे लोक लांबलांबून येतात खरे, पण तोंडात अजून तोनांत्सिनचेच नाव आहे, तेव्हा ही जुनीच पूजा नव्या पडद्याआड चालली आहे.

"म्हणजे तिथले पाद्री तुझ्यासारखेच बोलत होते, भाऊ," तारवटी म्हणाला. "आणि आज तिथे इतकी गर्दी असते, की चित्राखाली सरकता पट्टा बसवला आहे. त्यावर उभे राहायचे, मान वर करायची, आणि नवस बोलून पुरा होण्याआधी तो पट्टा माणसाला पलीकडे नेऊन टाकतो. मी मुलाच्या नोकरीपर्यंत पोचलो होतो, मुलीचे लग्न राहून गेले, म्हणून पुन्हा रांगेत उभा राहिलो."

भाऊंनी विचारले, की तिथल्या लोकांनी टेकडी परत मागितली की नाही. तारवटी म्हणाला, की त्यांनी टेकडी नाही, अख्खा देशच मागितला. १८१० मध्ये स्पेनविरुद्ध बंड उभे राहिले, तेव्हा बंडवाल्यांच्या हातात झेंडा ग्वादालुपेच्या सायबिणीचाच होता.

यावर भाऊ बराच वेळ गप्प राहतील, अशी माझी अपेक्षा होती, पण त्यांनी त्या संध्याकाळचे स्वतःचे सर्वांत चांगले वाक्य तेव्हाच टाकले. "मेक्सिकोत मागायला जुन्या देवीचे देऊळवाले उरलेच नव्हते. इथे आम्ही आहोत." खोटे कशाला बोलू, क्षणभर वकिलांनाही उत्तर सुचले नाही.

त्यांना सोडवले मास्तरांनी, आणि तेही नकाशाने. शिरगाव डिचोली महालात येते आणि डिचोली पोर्तुगीजांच्या हाती लागली ती १७८० नंतरच्या दशकात. म्हणजे म्हापशाची इगर्ज उभी राहिल्यापासून सुमारे दोन शतके लईराई एका राज्यात होती आणि मिलाग्र दुसऱ्या. पोर्तुगीज आणि सावंतवाडीकर यांच्यात लढाया होत होत्या, बार्देशात तुळशीला बंदी होती, आणि तरीही लोक हद्दीच्या अलीकडून पलीकडे नाते सांगत होते. इगर्जीतून लईराईला तेल जायचे आणि लईराईकडून सायबिणीला मोगऱ्याची फुले यायची, ही देवाणघेवाण दोन्ही गावांतली म्हातारी माणसे आजही सांगतात. दोघींचे दिवससुद्धा चंद्रच ठरवतो: लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला आणि सायबिणीचे फेस्त ईस्टरपासून सोळाव्या दिवशी, सोमवारी. एका हंगामात धोंड, म्हणजे लईराईचे व्रत धरलेले भक्त, शिरगावला निखाऱ्यांवरून चालतात आणि म्हापशात त्याच सुमारास हिंदू बाया तेलाच्या बाटल्या आणि फुलांच्या वेण्या घेऊन इगर्जीच्या आवारात रांग धरतात. तेल मूर्तीला घातले, बोट बुडवून लेकराच्या कपाळाला लावले, की काम झाले. मग खाजे, मडकी, लाकडी पाट आणि पावसाळ्याची सुकी मासळी घेऊन बस पकडायची. वकील तेवढ्यात सावरले. "ही रांग म्हणजेच तुमचे देऊळवाले, भाऊ. त्यांना विचारा, की देवीची भेट होते का. ज्यांना दर वर्षी भेट होते, ते ताबा मागत नाहीत."

माझे स्वतःचे मत वकिलांकडे झुकते, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलेच असेल. अन्याय झाला तो पुस्तकात स्पष्ट लिहावा, शाळेत स्पष्ट शिकवावा, त्यात इन्क्विझिशनची लाज राखू नये; पण त्या अन्यायाला गावच्या लोकांनी चारशे वर्षे आपल्या परीने जे उत्तर दिले, ते सरकारी समितीच्या अहवालापेक्षा जास्त हुशारीचे आहे. ज्यांचे देऊळ गेले त्यांनी नव्या इगर्जीतल्या बाईशी सोयरीक जोडली, आणि ती मोडायला ना फ्रान्सिस्कनांना जमले ना इन्क्विझिशनला. या सगळ्यात बिचाऱ्या सांत जेरोनिमोचे मात्र नुकसान झाले. कागदोपत्री इगर्ज त्याची. त्याने आयुष्य खर्चून बायबल लॅटिनमध्ये आणले, ३० सप्टेंबरला त्याचा सणही असतो, पण म्हापशात रिक्षावाल्याला त्याचे नाव सांगितले तर तो मीटर न टाकताच विचारात पडेल. "आमच्या रिक्षाला मीटर कधी होता?" असे तारवट्याने विचारले, ते सोडून देऊ.

भाऊ इतक्यात हार मानणारे नव्हते. त्यांनी मूळ मुद्दा पुन्हा मांडला, की जे सर्वांत आधीचे, ते खरे. वकील याचीच वाट बघत होते. ते म्हणाले, की मग लईराईचेही जमणार नाही, कारण कथेतल्या सातही बहिणी भावाबरोबर घाटावरून खाली उतरून आल्या आहेत. त्या आल्या तेव्हा गाव काही मोकळे पडले नव्हते. गावात सातेरी होती आणि सातेरी म्हणजे वारूळ. आजही कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी किंवा मूर्तीच्या मागे ते वारूळच उभे आहे. "तेव्हा सर्वांत आधीच्या मालकाला जागा परत द्यायची, तर ती वाळवीला द्यावी लागेल. वकीलपत्र मी घेतो, पण अशिलाची सही कशी घ्यायची ते तुम्ही सांगा."

इथे मास्तरसुद्धा हसले. भाऊंनी "प्रत्येक गोष्टीचा विनोद करा" असे म्हणत उठायची तयारी केली, तेव्हा तारवट्याने सहज विचारल्यासारखे विचारले, की फेस्ताच्या आठवड्यात इगर्जीकडे जाणाऱ्या वाटेवर तेलाच्या छोट्या बाटल्यांचे टेबल लावतो तो पोरगा कोणाच्या दुकानातला. भाऊ म्हणाले, की ते भाविकांच्या सोयीसाठी आहे. तारवट्याने विचारले, की मग दुकानातली वीस रुपयांची बाटली त्या टेबलावर तीस रुपयांना कशी होते. देऊळ झाले तर भाव वीसवर येईल की चाळीसवर जाईल, एवढे सांगितलेस तर मीसुद्धा तुझ्या निवेदनावर सही करतो, असेही तो म्हणाला. भाऊंनी टेबलाचे भाडे, पोराची मजुरी आणि नगरपालिकेची पावती असा हिशेब मोठ्या तळमळीने सुरू केला, पण तो कोणालाही ऐकू आला नाही, कारण वकील आता वाळवीच्या वतीने त्या दहा रुपयांत हिस्सा मागत होते.