‘विचित्र दिसली की उचला’? सिंगल्सबद्दलच्या पाच नियमांचा प्रतिवाद

सात इंची सिंगल, म्हणजे प्रत्येक बाजूला बहुधा एकच गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, जमवणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. ‘विचित्र दिसली की उचला’ असा त्याचा सूर आणि खाली पाच नियम: रंगीत, चित्राची किंवा वेगळ्या आकाराची तबकडी दुर्मीळच असते, लेबलवरचं साल तेच तबकडी छापल्याचं साल, लेबल चुकलेलं असेल तर घबाड हाती लागलं, सिंगल कुठलीही असो, कुठल्याही टर्नटेबलवर वाजते, आणि मळली तर अल्कोहोलने पुसा, वाकली तर ओव्हनमध्ये सरळ करा. पहिल्या तीन नियमांनी फार तर पैसे जातात. शेवटच्या दोनांनी तबकडी जाते.

‘रंगीत, चित्राची, वेगळ्या आकाराची म्हणजे दुर्मीळ’

रेकॉर्डच्या पीव्हीसीला, म्हणजे विनाइलला, स्वतःचा काळा रंग नसतो, तो थोडा कार्बन ब्लॅक मिसळल्याने येतो. काळ्याऐवजी लाल दाणे ओतले की त्याच स्टँपरवरून (खाचा उमटवणाऱ्या धातूच्या साच्यावरून) लाल तबकडी निघते. कारखान्याला हे फारसं जड नसतं, त्यामुळे रंगाचा वापर विक्रीसाठी सर्रास झाला. आरसीए व्हिक्टर या अमेरिकी कंपनीने १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेऱ्यांची सिंगल आणली तेव्हा रंग ही संगीतप्रकार ओळखायची खूण होती: लोकप्रिय गाणी काळी, कंट्री हिरवी, मुलांची पिवळी, पाश्चात्त्य शास्त्रीय लाल. जपानमध्ये तोशिबाने १९६० च्या दशकात पारदर्शक लाल तबकड्या नेहमीच्या छपाईतच काढल्या. धूळ धरू नये म्हणून त्यांत स्थिर वीज रोखणारं द्रव्य घातलेलं होतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये तर एकच गाणं त्याच चाहत्याला काळं, रंगीत आणि चित्राचं असं तीनदा विकण्याची चालच पडली.

त्यात आणखी एक गोष्ट होते. साधी काळी प्रत लोकांनी वाजवून झिजवली, पार्ट्यांत फिरवली, पाकिटाविना टाकून दिली. रंगीत प्रत मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवली. म्हणून काही गाण्यांची चकचकीत रंगीत प्रत सहज मिळते आणि स्वच्छ वाजणारी काळी शोधावी लागते.

खरोखर विरळ सिंगल बऱ्याचदा अगदी साधी दिसते. ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने मार्च १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडशी केलेला करार आठवड्याभरात मोडला आणि छापून तयार असलेली एएमएस ७२८४ क्रमांकाची सिंगल नष्ट करायला लावली. वाचलेल्या मोजक्या प्रती काळ्या आहेत. लांबून पाहिल्या तर कंपनीच्या इतर कुठल्याही सिंगलसारख्याच वाटतात.

चित्राच्या तबकडीचा आवाज वाईट असतो ही तक्रार मात्र बऱ्याच अंशी खरी आहे. कारण रंगात नाही, बांधणीत आहे: मधे प्लॅस्टिकचा गाभा, त्यावर छापील कागद, वर पातळ पारदर्शक पापुद्रा, आणि खाचा त्या पापुद्र्यात. घन तबकडीपेक्षा त्याचा पृष्ठभाग खरखरतो. अंधारात चमकणाऱ्या तबकडीत चमकणाऱ्या द्रव्याचे कण असतात, तीही सळसळते. एकाच रंगाची पारदर्शक तबकडी नीट छापली असेल तर कानाने ओळखू येत नाही. उलट काळी दिसणारी एखादी तबकडी दिव्यासमोर धरली की तांबूस किंवा जांभळट निघते. एवढ्यावरून तिची किंमत वाढवू नका.

‘लेबलवरचं साल म्हणजे छपाईचं साल’

वर्तुळातल्या पी अक्षराशेजारचं साल हे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रकाशित झाल्याचं साल असतं. वीस वर्षांनी पुन्हा छापलेल्या प्रतीवरही तेच राहतं. तुमच्या हातातली प्रत कधीची, हे शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर शोधायचं. एकच दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. समोरून उजेड पाडला तर कोरीव अक्षरं दिसतच नाहीत.

ब्रिटनमधल्या ईएमआय कंपनीच्या छपाईत मॅट्रिक्स क्रमांक (त्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक) घड्याळातल्या सहाच्या जागी धरला की नऊच्या जागी ‘मदर’चा (ज्या धातूच्या प्रतीवरून स्टँपर बनतात तिचा) आकडा आणि तीनच्या जागी स्टँपरची अक्षरं सापडतात. ही अक्षरं म्हणजे आकडेच: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी शून्य. ‘जी ओ’ असेल तर पंधरावा स्टँपर. आकडा लहान म्हणजे छपाई साधारण लवकरची, पण एकाच वेळी अनेक प्रेस चालत, तेव्हा ‘तिसरा स्टँपर’ याचा अर्थ ‘तिसऱ्या दिवसाची प्रत’ असा होत नाही. अमेरिकेत मोनार्क कारखान्याच्या तबकड्यांवर छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा असतो. तो आकडा काळाबरोबर वाढत गेला, म्हणून त्यावरून छपाईचा काळ बराच नेमका ठरतो.

नकली प्रतही याच पट्ट्यावर पकडली जाते. अस्सल प्रतीवर यंत्राने ठोकलेले आकडे आणि तुमच्या प्रतीवर हाताने खरडलेले असतील तर थांबा. मग सुई सुरुवातीच्या कोऱ्या खाचेवर ठेवा. नकली सिंगल अनेकदा अस्सल तबकडीवरूनच उतरवलेली असते. अशा वेळी आधी कोरी शांतता, मग गाण्याच्या क्षणभर आधी एकदम दुसऱ्याच तबकडीची खरखर सुरू होते. ती खरखर तुमच्या प्रतीवरच्या ओरखड्यांशी जुळत नाही, आणि धुऊन जात नाही.

‘छपाईची चूक म्हणजे घबाड’

चूक एकट्या तबकडीत क्वचितच होते. लेबलांची चळत प्रेसवर उलटी चढवली की कामगाराच्या लक्षात येईपर्यंत निघालेल्या साऱ्या प्रती तशाच जातात. दोन्ही बाजूंची लेबलं अदलाबदल झालेली सिंगल म्हणूनच सगळ्यात जास्त सापडते आणि तिला सगळ्यात कमी विचारलं जातं. लेबल जरासं सरकलेलं, एका बाजूला छपाई फिकी, यांचीही तीच गत.

ऐकून पाहावी अशी चूक एकच: लेबलवर लिहिलंय त्याहून वेगळं ध्वनिमुद्रण, वेगळा मिक्स किंवा भलतंच गाणं. ती लेबल पाहून कळत नाही. गाण्याची लांबी सेकंदात मोजा, मॅट्रिक्स क्रमांक नेहमीच्या प्रतीशी ताडून पाहा, आणि दोन्ही जुळत नसतील तरच उत्साह दाखवा.

बनावट चुकाही विकल्या जातात. विनाइल तबकडीचं लेबल गोंदाने चिकटवलेलं नसतं, ते कोरडं करून छपाईच्या वेळीच उष्णता आणि दाबाने आत बसवलेलं असतं. त्याची कड नखाला लागत नाही. कड लागली, कोपरा उचलला गेला किंवा खाली जुन्या लेबलाचा ठसा जाणवला, तर ‘चूक’ नंतर चिकटवलेली आहे. इथे एक सावधगिरी: पॉलिस्टायरीन (थोडक्यात स्टायरीन) या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या सिंगलवर लेबल मुळातच चिकटवलेलं किंवा थेट रंगवलेलं असतं, तेव्हा आधी ही तबकडी कशाची आहे ते ठरवा. स्टायरीन कडक असतं, कड बोथट आणि चौकोनी, नखाने टकटक केली तर आवाज कोरडा, खणखणीत. विनाइल जरा दबतं आणि आवाज मंद येतो.

मधलं छिद्र सरकलेलं असेल तर तो सरळ दोष समजा. छिद्र फक्त अर्धा मिलिमीटर बाजूला असलं आणि खाच मध्यापासून ६० मिलिमीटरवर असली, तर वेग सुमारे ०.८ टक्क्याने वर-खाली होतो, म्हणजे स्वर दोन्हीकडे सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) हलतो. ४५ फेऱ्यांना हे हेलकावे दर १.३३ सेकंदाला येतात. पियानो किंवा लांबवलेला सूर असेल तर ते कुणालाही ऐकू येतात, ढोलाच्या मागे लपून जातात. ३८ मिलिमीटरचं मोठं छिद्र असेल तर उपाय सोपा: अडॅप्टर किंचित लहान घ्या, तबकडी फिरत असताना टोनआर्मचं, म्हणजे सुईच्या दांडीचं, डोकं डावी-उजवीकडे डोलतंय का पाहा, थांबवून तबकडी अंशभर सरकवा, पुन्हा पाहा. छोटं छिद्र मोठं करायचा मोह होईल. विरळ प्रतीवर तो टाळलेला बरा, कारण नंतर कुणीही तिला ‘कोरलेली’ म्हणूनच धरतो.

‘कुठलीही सिंगल कुठल्याही टर्नटेबलवर वाजते’

वेगळ्या आकाराच्या तबकडीत खाचा गोलातच असतात, बाहेरचे कोपरे, पंख, दाते फक्त शोभेचे. अनेकदा खाचांचा गोल सात इंचांपेक्षा लहान असतो. स्वयंचलित टर्नटेबल सात इंचांची जागा गृहीत धरून सुई खाली सोडतं. तिथे प्लॅस्टिकचा कोपरा असला तर सुई त्यावर आपटते, खोलगट भाग असला तर थेट मॅटवर पडते. अशा तबकड्या हाताने, लिफ्टचा दांडा वापरून, खाच नीट पाहूनच लावायच्या.

लहान तबकड्यांची अडचण आतल्या टोकाला असते. ४५ फेऱ्यांच्या सिंगलची शेवटची खाच साधारण १०८ मिलिमीटर व्यासाच्या आत जात नाही, आणि टर्नटेबल त्या हिशेबाने बांधलेलं असतं. भूतानने १९७२–७३ च्या सुमारास काढलेली वाजणारी टपाल तिकिटं घ्या. ३३⅓ फेऱ्यांच्या या चिमुकल्या तबकड्यांवर देशाचा इतिहास आणि लोकसंगीत आहे, आणि त्यातल्या लहान तिकिटांचा व्यास जेमतेम सात सेंटिमीटर. म्हणजे सगळ्या खाचा नेहमीच्या लेबलाच्या जागेत येतात. स्वयंचलित यंत्र ‘गाणं संपलं’ असं समजून हात उचलून परत नेतं. हाताने चालणाऱ्या यंत्रावरही आवाज भरडा येतो: मध्यापासून ३० मिलिमीटरवर खाच सुईखालून सेकंदाला फक्त १० सेंटिमीटर सरकते, तर साध्या सिंगलच्या अगदी आतल्या खाचेतही ती २५ सेंटिमीटर सरकते. शिवाय काट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कोन सहसा मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर बरोबर जुळेल असा लावलेला असतो, ३० वर तो बराच चुकतो. तिकीट खराब आहे असा निष्कर्ष काढण्याआधी हे हिशेबात धरा.

फ्लेक्सी, म्हणजे मासिकांतून यायची ती पातळ लवचीक तबकडी, एकटी ठेवली तर सुईखाली घसरते आणि गाणं रडल्यासारखं खेचलं जातं. खाली सपाट, नको असलेली घन तबकडी ठेवा, चारी बाजूंनी समपातळीत आहे ना पाहा, आणि लेबलच्या भागावर एक नाणं ठेवा. कित्येक फ्लेक्सींवर नाण्यासाठी गोल छापलेलाच असतो. नाणं हेडशेलवर, म्हणजे टोनआर्मच्या डोक्यावर, ठेवायचं नसतं. त्याने सुईचा दाब दुप्पट-तिप्पट होतो आणि पातळ खाच एका फेरीत खरवडली जाते. फ्लेक्सीला घडी पडली असेल तर त्या जागी सुई दर फेरीला उडते, ती घडी पूर्ण जात नाही.

स्टायरीनला गोल टोकाची सुई लावा, काट्रिजला चालेल त्या मर्यादेत हलका दाब ठेवा आणि तबकडी हाताने मागेपुढे फिरवू नका. रेडिओवर गाण्याची सुरुवात जुळवताना अशी मागेपुढे फिरवलेली स्टायरीन सिंगल पहिल्या काही सेकंदांतच जोरात सळसळते, पुढे स्वच्छ असते. ही सळसळ मळाची नसते, त्यामुळे धुऊन काही होत नाही.

एकेक करून पॉलिकार्बोनेटवर कोरलेल्या ‘फक्त २० प्रती’ असलेल्या सिंगल्सना घन विनाइलइतका जोरकस आवाज नसतो आणि बहुधा त्या मोनो असतात. तेवढी अपेक्षा ठेवूनच घ्या. पाकिटावरचा ‘२० पैकी ७’ हा आकडा कारखान्याच्या कुठल्याही नोंदीला बांधलेला नसतो, विकणाऱ्याच्या शब्दाला बांधलेला असतो.

‘अल्कोहोलने पुसा, वाकली तर ओव्हन’

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर अल्कोहोल पडलं की लाख विरघळते, पृष्ठभाग चिकट आणि पांढरट होतो, आणि तो परत येत नाही. ॲल्युमिनियमवर नायट्रोसेल्युलोजचा थर असलेल्या नमुना तबकडीवरही अल्कोहोल वापरू नका. तिच्यावर पांढरी, मेणचट भुकटी दिसली तर ती बुरशी असेलच असं नाही. एरंडेलापासून बनवलेलं मऊ करणारं द्रव्य फुटून पामिटिक आम्ल बाहेर आलेलं असतं. थर भेगाळला असेल तर घासू नका, वाजवूही नका. आधी जाणकाराकडून ध्वनी उतरवून घ्या. स्टायरीनवर ॲसिटोन किंवा पेट्रोल नको, आणि रंगवलेल्या लेबलाजवळ कुठलंच द्रावक नको.

साध्या विनाइलला अल्कोहोलची गरजही क्वचित लागते. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात आयनरहित मळकाढू द्रव ५ मिलिलिटरपेक्षा जास्त नको. आधी कोरडा ब्रश, मग लेबल झाकून खाचेच्या दिशेने ओला ब्रश चार-पाच फेऱ्या, आणि नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा धुणं. हे शेवटचं धुणं गाळलं तर मळकाढू द्रव खाचेत वाळतो आणि सुईवर राखाडी गोळा जमतो, मग लोक म्हणतात धुऊन आवाज बिघडला.

ओव्हनचं काय होतं ते सोपं आहे. रेकॉर्डचं विनाइल साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं आणि घरच्या ओव्हनचा काटा सहज १५ अंशांनी चुकतो. तबकडी सपाट होईलही, पण खाचेतल्या सगळ्यात बारीक नक्षीचा, म्हणजे वरच्या सुरांचा, आकार आधी ढिला पडतो. चित्राच्या तबकडीत कागद आणि पापुद्रा वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि मधे बुडबुडे येतात. सौम्य वाक असेल तर तबकडी स्वच्छ करून दोन सपाट काचांमध्ये, सारखं वजन ठेवून, खोलीच्या तापमानाला काही आठवडे राहू द्या. सिंगलचा वाक बहुधा कडेला असतो. सुई पहिल्या काही फेऱ्यांत वरखाली झाली तरी उडत नसेल तर तेवढाही खटाटोप नको. आणि नंतर ती मऊ पीव्हीसीच्या पाकिटात परत घालू नका. त्यातलं मऊ करणारं द्रव्य तबकडीवर उतरून धुक्यासारखा डाग पडतो, चित्राच्या तबकडीवर तो सगळ्यात जास्त दिसतो. पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या आणि तबकडी उभी ठेवा.